हट्ट्याची तसबीर

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावी एका जुन्या घरी पाहुणचार घडला. ओसरीत राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्यानं देव घरोघर पोचवले, ते असे! पण काच थेट चित्रावरच टेकवलेली. मातीच्या भिंतीची ओल धरून रंग काचेला चिकटू लागलेले.

मी म्हटलं, "आजी, चित्र ओढून काढू नका, जाणत्या माणसाकडून मढवून घ्या. काच नि चित्र यांत आम्लविरहित पुठ्ठ्याची पट्टी हवी, मागं भिंतीपासून बोटभर फट."

"सगळं करू, सर. काच तेवढी हीच राहू द्या. सासूबाईंनी लावलेलं कुंकू आहे तिच्यावर."

वाचकहो, दिवाळीत भिंती रंगवाल, तेव्हा आपल्याही तसबिरी एकदा उलटून पाहा.