अंतर आणि अवधी

मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, हे आम्ही काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका मंगळवारी, पहाटे साडेचार वाजता शोधून काढले. अर्ध्या तासापूर्वी साताऱ्याच्या घरी वडील गेले होते. धाकटा भाऊ न्यू जर्सीत. तिथे अजून सोमवारची संध्याकाळ चालू होती. त्याच्यासाठी थांबायचे की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर भूगोल देईल असे आम्हांला त्या घटकेला वाटले.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हा मार्ग अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा सरळ पश्चिमेला जाताना दिसतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा, तर तो उत्तरेकडे चढतो. मध्य आशिया, रशिया, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, स्कँडिनेव्हिया, आइसलंड, मग ग्रीनलंडचे दक्षिण टोक. सर्वांत जवळची वाट ती हीच. अर्थात दोऱ्याला सरहद्दी आडव्या येत नाहीत, विमानाला येतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा अंतर तेच राहिले आणि प्रवास लांबले. एरवी थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. तिकडून इकडे येताना वारा बहुधा पाठीशी असतो, म्हणून थोडे कमी. त्या वाऱ्याचा त्या पहाटे आम्हांला केवढा आधार वाटला!

परंतु थेट विमान मिळाले नाही. मिळाले ते मंगळवारी सकाळी, त्याच्या सकाळी, निघणारे आणि आखातात बदलावे लागणारे. शिवाय मुंबईहून साताऱ्यापर्यंतचे अडीचशे किलोमीटर, पावसातला घाट. हिशेब बुधवारच्या मध्यरात्रीपर्यंत जाऊ लागला.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून जहाजाने निघाल्या, त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या. पुढे त्यांची रक्षा पोकीप्सीला गेली. त्या काळी कुणासाठी थांबावे का, हा प्रश्नच उद्भवत नसे. दोन महिन्यांचे अंतर माणसाला निर्णयातून मोकळे करी. वीस तासांचे अंतर तसे करीत नाही. ते आपल्याला विचारते, आणि मग होय किंवा नाही हे आपल्यालाच म्हणावे लागते. विमानाने जग जवळ आणले हे वाक्य शाळेत आम्हीही निबंधात लिहिले होते.

अखेर भाऊच फोनवर म्हणाला, "थांबू नका, दादा." आम्ही थांबलो नाही. तो तसे म्हणाला नसता, तर थांबलो असतो का, हे आम्ही स्वतःला अद्याप विचारलेले नाही.

बुधवारी मध्यरात्री तो आला. त्या सकाळीच सावडून आणलेल्या अस्थी अंगणातल्या पारिजातकाला टांगलेल्या होत्या. पाठीवरची बॅग न उतरवता तो झाडाखाली उभा राहिला.

"अग्नी किती वाजता दिला?"

"अकराला."

त्याने बोटांवर साडेनऊ तास मागे मोजले.

"रात्रीचा दीड," तो म्हणाला. "मी बॅग भरत होतो."