परवान्यावरचं कारण

आमची एकनळी बारा बोअर कधी भिंतीवर मिरवली नाही. माजघरातल्या लोखंडी पेटीत, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. परवाना आबांच्या नावाचा, अकोल्याचा. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला, तोवर मालेगावचे सगळे कागद तिकडेच. परवान्यावर कारण एकच : पीकसंरक्षण.

आबांची शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर गोष्टींपुरती उरली. बाबांच्या काळात बंदूक नुसती आवाजाची झाली. जागलीच्या रात्री तुरीत रानडुकरं शिरली की नळी वर करून एक बार. रोही तर पुढे त्यालाही सरावले. पिकं नासवणारी डुकरं आणि रोही मारायला २०१५मध्ये मुभा मिळाली, वनखात्याच्या परवानगीनं. कागद हलेस्तोवर कळप दुसऱ्याच्या वावरात गेलेला असतो.

आता परवाना माझ्या नावावर आहे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची. २०२४च्या विधानसभेला ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तूर वावरात उभी असताना, ती ठाण्यात होती. चिडलो, पण नियम चुकीचा वाटला नाही.

१९३१च्या कराची ठरावात काँग्रेसनं शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, कारण इंग्रजांनी १८७८च्या कायद्यानं देश निःशस्त्र केला होता. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी, आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सभासदानं, तो हक्क घटनेत घालायची दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती नाकारली. असा हक्क दिला तर गुन्हेगारही तोच सांगत येतील, हा त्यांचा मुद्दा. बंदूकवाला असूनही मी बाबासाहेबांच्याच बाजूचा.

माझं भांडण वेगळं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये उल्हासनगरला एका आमदारानं पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्या, त्या परवान्याच्या पिस्तुलातून. सरपंच संतोष देशमुखांच्या खुनानंतर कळलं, की एकट्या बीड जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने होते. तिथं कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचं कोणतं पीक रोही खात होते? शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं केली. मला उलटं हवं होतं. शस्त्रं मोजाच, पण ‘कशाला हवं?’ हे दर नूतनीकरणाला नव्यानं विचारा.

पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं की ते वारसाच्या नावे करता येतं. पोरगा म्हणतो, कुंपणाला झटका मशीन आहे, बंदूक कशाला? त्यानं अर्ज केलाच, तर साहेबांनी त्यालाही हेच विचारावं.