मोनेची नदी आणि अण्णांचा मोतीबिंदू

माझ्या दवाखान्यात, तुम्ही नंबरची वाट बघत बसता त्या बाकासमोर, नदीचं एक चित्र लावलंय. "डॉक्टर, ही कुठली नदी?" असं बरेच जण विचारतात. ही फ्रान्समधली सेन. क्लोद मोने या चित्रकाराने १८९६-९७ मध्ये जिव्हेर्नी गावाजवळ तिची सकाळची अनेक चित्रं काढली, त्यातलं हे एक. त्यासाठी तो पहाटे साडेतीनला उठून नावेत जाऊन बसायचा. धुकं, झाडं, पाण्यात त्यांची सावली आणि सगळीकडे निळा-जांभळा रंग. ते धुकं मात्र नदीवरचं होतं, डोळ्यातलं नव्हतं.

पुढे १९१२ मध्ये मोनेला मोतीबिंदूचं निदान झालं. ऑपरेशनच्या भीतीने त्याने अकरा वर्षं काढली. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश अडवतं. त्याच्या त्या काळातल्या काही चित्रांत तांबडा-तपकिरी रंगच भरून राहिलाय. शेवटी १९२३ मध्ये त्याने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

माझे वडीलही असेच. "पेपर वाचता येतोय ना? पिकू दे जरा," म्हणायचे. मी डॉक्टर असूनही रेटा लावला नाही. एका संध्याकाळी अंगणातली पायरी त्यांना दिसली नाही. पडले, खुब्याचं हाड मोडलं. पुढे डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "हा शर्ट निळा आहे होय? मला राखाडी वाटायचा." त्यांची नजर परत आली, पण हातातली काठी काही सुटली नाही.

म्हणून सांगतो, मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. जास्त पिकला तर ऑपरेशन अवघड होतं, कधी डोळ्यातला दाबही वाढतो. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं, रंग फिके वाटणं, पायरी चुकणं, यातलं काही होत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. त्रास नसेल तर तेच थांबायला सांगतील. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. मधुमेह असेल तर डोळ्याचा पडदाही तपासून घ्या.

मोनेच्या वेळी ऑपरेशननंतर कित्येक दिवस न हलता पडून राहावं लागे, वर जाड भिंगाचा चष्मा. आज डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवतात. बहुधा पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

पुढच्या वेळी दवाखान्यात आलात की त्या चित्राकडे एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही डोळ्यांना निळा रंग सारखाच दिसला नाही, तर आत आल्यावर मला सांगा.