नकली घड्याळाचे सर्व्हिसिंग

धाकट्याने दुसऱ्या पगारात घड्याळ आणले. डायलवर बड्या स्विस कंपनीचे नाव, मागे काच, आत हात हलला की फिरणारे अर्धगोल वजन. त्यानेच चावी भरते म्हणे. किंमत साडेतीन हजार. अस्सल असते तर लाखांत गेले असते. नकली आहे हे त्यालाही ठाऊक होते. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणायला हल्ली कुणी लाजत नाही.

पण घड्याळ दिवसाला चार मिनिटे पुढे पळू लागले. आम्ही दोघे स्टेशनजवळच्या घड्याळजींकडे गेलो. सगळे खोलून, धुऊन, तेल द्यायचे अठराशे रुपये. पोराचा हात लगेच खिशात गेला. मी म्हटले, थांब. महिन्याभराच्या वस्तूला सर्व्हिसिंग कशाला?

घड्याळजी माणूस सरळ. म्हणाले, “काका, असल्या घड्याळात तेल कुठं कोरडं, कुठं जास्त. साफ करून देईन, पण उद्या आतलं काही तुटलं तर पार्ट मिळेलच असं नाही. आणि डायलवर काहीही लिहिलेलं असो, पाण्याची हमी मी देणार नाही.” मग त्यांनी होकायंत्र घड्याळाजवळ धरले. काटा गर्रकन हलला! आतली केसाएवढी स्प्रिंग चुंबकाने भारली गेली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळते. स्पीकर, पर्सचे चुंबकी बटण, कशानेही होते. त्यांनी लहानशा यंत्रावर चुंबक उतरवले, वेग थोडा कमी केला, शंभर रुपये घेतले. आता दिवसाला वीसेक सेकंद पुढे जाते. एवढे चालायचेच.

तरी पोराला पूर्ण सर्व्हिसिंग हवेच होते. निम्मी किंमत पुन्हा त्यातच घालणार, आणि तेही खोट्या नावावर! वाटेत मी रागावलोच. तो म्हणाला, “पप्पा, ऑफिसात लोक आधी मनगट बघतात, मग आडनाव विचारतात. हे बंद पडलेलं मला चालणार नाही.”

मला उत्तर सुचले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही उसनवारी करून एचएमटी ‘जनता’ घेतली होती, ती काय फक्त वेळ बघायला? सतरा ज्युएलची, रोज चावी द्यायची. एचएमटीचा घड्याळ कारखाना बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने निघाला. सरकारने २०१६ मध्ये ती घड्याळ कंपनी बंद करायचे ठरवले. माझे घड्याळ त्याच्या कितीतरी आधीपासून कपाटात बंद पडून होते.

दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी एकटाच घड्याळजींकडे गेलो. आठशे रुपये पडले. सौ. म्हणाल्या, पोराला उपदेश आणि स्वतः खर्च. खरे आहे.

घड्याळ टेबलावर ठेवले आहे. काल रात्री पोराने ते उचलून कानाला लावले, चावी दिली. मग विचारले, “याला पट्टा कितीला मिळेल?”