साका नेमका असतो कुठे?

आज पुन्हा साक्यावर लिहितोय.

मागच्या हंगामात पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "काका, पेटीतले निम्मे आंबे आतून पांढरे निघाले. वरून काहीच कळलं नाही हो." मी पैसे परत केले. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे, की ती पेटी मी स्वतः भरली होती. एकेक फळ हातात घेऊन, देठ बघून. हापूसवाल्याची गोची हीच. डाग वरून दिसतो, साका कापल्याशिवाय दिसत नाही.

मग काय, विचारत सुटलो. एकाने बुरशी सांगितली, दुसऱ्याने फळमाशी, तिसऱ्याने खताची कमतरता. जो जे सांगेल ते मारलं. दुकानदाराचं भलं झालं, साका होता तिथेच राहिला. कारण साका हा रोगच नाही. त्यात जंतू नाही, बुरशी नाही, अळी नाही.

दहावीला आम्ही घोकलं होतं: पेशी, पेशींची ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांचा मिळून सजीव. पेपर झाला तसं विसरलो. पण साक्याला इंग्रजीत 'स्पाँजी टिश्यू' म्हणतात आणि टिश्यू म्हणजे तीच ऊती, हे कळलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी औषध मारत होतो झाडावर, आणि बिघाड होता फळाच्या पोटात, कोयीला लागून असलेल्या गरात. फळ पिकतं तेव्हा गराच्या पेशींतल्या पिष्टाची साखर होते. साक्याच्या जागी ते पिष्ट तसंच राहतं. म्हणून तो भाग पांढरट, भुसभुशीत, आंबट लागतो. बाजूचा गर मात्र केशरी नि गोड. एकाच फळात हे असं का?

ह्याचा धागा बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कोयीपर्यंत नेला. त्यांचं म्हणणं असं, की फळ झाडावर असतानाच आतल्या बीला उगवायची घाई होते आणि त्या घाईत भोवतालचा गर बिघडतो. मला हे आधी पटेना. मग विचार केला. हापूसच्या फळातला गर झाडाचा, म्हणजे आईचा. पण कोयीतलं बी आईचं नव्हे, ते परागीभवनातून झालेलं पोर. म्हणून तर हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, कलमच बांधावं लागतं. आपण ज्याला एक फळ म्हणतो, त्यात दोन जीव आहेत. पोर आपल्या वेळेने चाललंय, आणि आपण आईचा गर विकायला बसलोय.

आणि आंब्याचं बी थांबणारं नाहीच. भाताचं बियाणं वाळवून कणगीत ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात उगवतं. आंब्याची कोय वाळली की मेली. रोपवाटिकावाले म्हणूनच ताजी कोय लावतात.

आपल्याकडे ह्याच्याही पुढची गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते, तिच्या खाडीकाठचं कांदळ बघा. झाडाला हिरव्या लांब शेंगा लोंबतात असं आपण म्हणतो. त्या शेंगा नाहीत, ती झाडावरच रुजलेली रोपं आहेत. चिखलात पडली की लगेच मूळ धरतात. खाऱ्या पाण्यात बी नुसतं टाकून भागणार नाही, म्हणून आईच पोराला वाढवून खाली सोडते. कांदळात जे शहाणपण, ते हापूसात नुकसान. (कांदळाचं फळ पेटीत भरायचं नसतं, एवढाच काय तो फरक.)

आता कोयीला घाई कशाने होते? इथे फळ सोडून बागेकडे यावं लागतं. माझी वरची कलमं कातळावर आहेत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तिथे अनवाणी पाय ठेववत नाही. तो ताव खालून फळांना लागतो. खालची कलमं मातीत, पालापाचोळ्यात, थोडी सावलीत. जात एक, खतं एक, हात माझाच. आणि साका वरच्यांत जास्त. म्हणजे बिघाड दिसतो ऊतीत, सुरू होतो बीमध्ये, आणि त्याला ढकलणारा ताव येतो कातळातून. मी मधल्या मध्येच फवारत होतो.

यंदा कातळावरच्या कलमांच्या आळ्यांत सुकलेलं गवत आणि आंब्याचाच पाला जाड अंथरला. पूर्वी तो पाला जाळायचो, अक्कल म्हणतात ती हीच. फळ चौदा आणे झालं की काढलं, सोळा आण्याची वाट बघितली नाही. दापोलीचं कृषी विद्यापीठ हेच सांगत आलंय, मी मोठ्या फळाच्या लोभापायी ऐकत नव्हतो. काढणी सकाळी लवकर, नूतन झेल्याने, देठासकट, आणि फळ जमिनीवर न टेकवता थेट सावलीत. हेसरघट्ट्याचं अर्का साका निवारक नावाचं द्रावणही मिळतं, पण मी अजून वापरलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. ज्यांना नवी लागवड करायचीय त्यांनी रत्ना बघावा. नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ चा, वेंगुर्ल्याचा. त्यात साका नाही. पण गिऱ्हाईक हापूसच मागतं, तेही खरंच.

यंदा साका कमी निघाला. गेला नाही. एका वर्षावरून छाती ठोकून सांगणार नाही, पाऊसपाणीही वेगळं होतं. पण परवा साक्याची फळं फेकायच्या आधी कोयत्याने कोयी फोडून बघितल्या. सगळ्यांत नाही, पण दोन कोयींत आतलं बी टोकाशी फुगून कोंब सरकायला लागलेला दिसला.

तुमच्याकडे साका निघाला तर गर बघून टाकून देऊ नका. कोय फोडा, आत काय दिसतं त्याचा फोटो आणि कलम कातळावर की मातीत, तेवढं खाली लिहा.