घाटातलं वारं आणि आपले गाल

बीडहून सोलापूरकडे निघालात की पाली मागे पडते आणि एस.टी. घरघर करत घाट चढायला लागते. हाच मांजरसुंब्याचा घाट. वर बालाघाटचं पठार आणि माथ्यावर चार वाटांचा चौक : एक वाट बीडला, एक चौसाळ्यावरून सोलापूरला, एक पाटोद्याकडे, एक नेकनूरवरून केजला. जवळच डोंगराच्या कुशीत कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. कार्तिकी पौर्णिमेला तिथं लांबलांबून पायी दिंड्या येतात. त्या परतल्या की पठारावर थंडी मुक्कामाला येते.

अशा दिवसांत पहाटे इकडे आलात, तर एक गंमत दिसेल. अंधारातच कडेकडेनं पावलं वाजत असतात, धप् धप् धप्! पोलीस भरती नाहीतर सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावत असतात. पण उजाडल्यावर त्यांचे चेहरे बघा. गाल राठ, नाकाचा शेंडा लाल, ओठ उललेले. हसायला जावं तर ओठातून रक्त! ज्यांची कातडी मुळातच नाजूक, त्यांची तर आग आग होते. काही जण त्यापायी सरावच सोडतात. केवढं नुकसान, नाही का?

आता मला सांगा, आपल्याकडे काही बर्फ पडत नाही. मग चेहरा का उलतो?

दोरीवरचे ओले कपडे आठवा. वारं सुटलं की ते भराभर वाळतात. गालांचंही तसंच. कातडीचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मेलेल्या पेशी, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे कातडीतले स्निग्ध पदार्थ. हा चुना आतलं पाणी धरून ठेवतो. थंडीत हवेत बाष्प कमी, वर वारं. पाणी उडून जातं आणि भिंतीला चिरा पडतात. त्यातून आपण साबण खसाखसा चोळून उरलासुरला चुनाही धुऊन टाकतो! ओठांना तर तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतातच, म्हणून आधी तेच फुटतात.

शिवाय वेगाचा हिशेब निराळा. हवा १० अंश आहे आणि तुम्ही सायकलवरून ताशी ४० किलोमीटर वेगानं उतार उतरलात, तर चेहऱ्याला ती साधारण ६ अंशांसारखी लागते. म्हणजे खरा चोर थंडीपेक्षा वारा आहे. आणि चोर येऊन गेल्यावर कुलूप लावून काय उपयोग? म्हणून बंदोबस्त आधी करायचा, बरं का!

निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं गालांना, नाकाला, ओठांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. ओठांना घरचं तूप किंवा कोकमतेलही चालतं. तोंड साबणानं धुऊन लगेच बाहेर पळू नका. कानटोपी घाला. लोकर टोचत असेल, तर आत मऊ सुती रुमाल बांधा आणि तो नाक-गालांवर घ्या. श्वासानं रुमाल ओला झाला की बदला, कारण ओलं कापड गालावर घासलं की जास्तच सोलतं. सायकलवर मफलरची टोकं आत खोचा, चाकात जायला नकोत. ओठांवरून जीभ फिरवू नका, थुंकी वाळताना ओठ आणखी कोरडे होतात. ऊन चढेपर्यंत खेळणार असाल, तर पुढे झाप असलेली टोपी हवीच.

परत आल्यावर शेकोटीत तोंड घालून बसू नका. कोमट पाण्यानं चेहरा धुवा, पंचानं टिपा, चोळू नका, आणि ओलसर असतानाच पुन्हा तेलाचा नाहीतर जेलीचा हात फिरवा.

शाळेत असताना मी उललेल्या गालांवर लिंबू चोळलं होतं. कुणीतरी सांगितलं आणि मी ऐकलं. पुढे दोन दिवस मी रडवेला तोंड लपवत फिरत होतो!

त्याहून मोठा धोका कपाटातल्या ट्यूबचा. खाजेवरच्या आणि ‘गोरं’ करणाऱ्या कितीतरी मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस चेहरा झकास वाटतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मलम थांबवलं की भडकते. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला आहे. म्हणून विचारल्याशिवाय चेहऱ्याला काही लावू नका. आणि गालावर फिकट चट्टे दिसले की लगेच ‘जंत झाले’ म्हणतात ना? पुष्कळदा ते नुसत्या कोरडेपणाचे असतात. पण चट्टे वाढले, चिरांतून पाणी आलं, तर डॉक्टरांकडेच जायचं.

मांजरसुंब्याच्या चौकातून पाटोद्याच्या वाटेनं पुढे गेलात की आष्टी तालुका लागतो. तिथल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. पुढे तो महार रेजिमेंटमध्ये जवान झाला, सियाचिनवर राहिला, आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक घेऊन आला. सियाचिनवर चेहरा उघडा ठेवणं म्हणजे हिमदंशाला बोलावणं. तिथं कातडी अक्षरशः गोठते, बधिर आणि पांढरीफटक पडते. अशी कातडी हातानं किंवा बर्फानं चोळायची नसते, ऊब देऊन वैद्यकीय मदत गाठायची असते. तिथला जवान चेहरा झाकल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्याला कुणी नाजूक म्हणतं का?

तेव्हा उद्या रुमाल बांधून निघालात आणि कुणी ‘काय रे, नवरी झालास का?’ म्हणून चिडवलं, तर थांबू नका. हसा आणि पळत राहा. तुमचे ओठ काही फुटणार नाहीत!