सोलापूर ते खरगपूर, लेकीच्या सामानासोबत

स्लीपर आणि थर्ड एसीच्या तिकिटावर रेल्वे माणशी 40 किलो सामान मोफत नेऊ देते. जुलै सरत आला तेव्हा सोलापूरला ताईच्या घरी हा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला होता. भाचीला आयआयटी खरगपूरला प्रवेश मिळाला होता आणि पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दाजींना रजा नव्हती, म्हणून सोबतीला मी जाणार होतो. दाजींनी हिशेब मांडला, "तिघांचे 120 किलो होतात. बिनधास्त भरा." भाचीने तो मोडून काढला. ती म्हणाली, "जाताना आपण तिघं आहोत. सेमिस्टर संपल्यावर येताना मी एकटी असेन. मला एकटीला पुलावरून पलीकडच्या फलाटावर नेता येईल तेवढंच घ्यायचं."

पुढचं सगळं याच कसोटीवर ठरलं. बादली, मग, उशी, गादी, हँगर, कपड्यांचा साबण हे सगळं तिथे मिळतं, म्हणून बाहेर गेलं. पाच-सहा जाड ड्रेस कमी झाले, कारण ऑगस्टमध्ये तिथली हवा दमट असते आणि जाड कपडा वाळत नाही. राहिल्या त्या दोन सोलापुरी चादरी, पातळ सुती कपडे, छत्री, पळायचे बूट, तीन-तीन किल्ल्यांची दोन कुलपं, एक्स्टेन्शन बोर्ड, सुईदोरा आणि मच्छरदाणी. तिथे डासांचा त्रास असतो. मच्छरदाणीच्या चारही कोपऱ्यांना ताईने लांब नाड्या शिवून दिल्या. वसतिगृहाच्या भिंतीत खिळा ठोकू देतीलच असं नाही, नाडी मात्र खिडकीच्या गजाला, कपाटाच्या कडीला कुठेही बांधता येते.

खाऊच्या डब्यावर मात्र कोणाची कात्री चालली नाही. सोलापूरच्या घरातून कोणी लांब निघालं की कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोबत असणारच. ज्वारीची पातळ थापलेली भाकरी इतकी वाळवतात की पापडासारखी मोडते. कोरडी ठेवली तर महिना-महिना टिकते. चटणीला पाणी लागू दिलं नाही की तीही टिकते. ताईने भाकऱ्या स्टीलच्या उभ्या डब्यात रचल्या, मध्ये स्वच्छ फडकं घातलं आणि झाकणावर तारीख लिहिली. आजीने रांगोळीचे पत्र्याचे ठसे आणून दिले. "पुडी तिकडं मिळंल, ठसं मिळणार न्हाईत," असं म्हणून तिने ते स्वतःच्या हाताने चादरीच्या घडीत घातले.

कागदांची फाइल वेगळी होती. ती ट्रॉलीबॅगेत ठेवायची नाही, कायम खांद्यावरच्या पिशवीत, असं भाचीने ठरवलं होतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जागावाटपाचं पत्र, फी भरल्याची पावती, वैद्यकीय तपासणीचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि सगळ्यांच्या छायाप्रती. रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांकडून घेतात, तेही त्यात होतं. 2009च्या नियमांपासून ते देशभर चालत आलं आहे. त्याच्याच मागच्या बाजूला तिने 1800-180-5522 हा रॅगिंगविरोधी मदतीचा क्रमांक लिहून ठेवला होता.

याच फाइलीतल्या एका कागदाने या घराची झोप उडवली होती. ओबीसी आरक्षणातून आयआयटीला जायचं तर नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं आणि ते त्याच वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. राज्याचं प्रमाणपत्र मुदतीत असलं तरी इथे चालत नाही. शिवाय जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही पाहावं लागतं. घरात होतं ते राज्याच्या नमुन्यातलं. ते अपलोड केल्यावर जागावाटपाच्या पोर्टलवर शंका निघाली आणि नवं प्रमाणपत्र देण्यासाठी हातात थोडेच दिवस उरले. मग सेतू केंद्र, तहसील, पुन्हा सेतू. दाजी आठवडाभर कामावर अर्धवेळच जात होते. उलट ज्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी त्यांनी वर्षभर चपला झिजवल्या होत्या, ते आयआयटीच्या प्रवेशाला कोणी मागितलंच नाही. ते राज्याच्या प्रवेशप्रक्रियेला लागतं. एकाच घरात, एकाच उन्हाळ्यात दोन सरकारांचे दोन नमुने सांभाळावे लागतात, आणि हा फरक मुलांना अकरावीतच समजावून सांगणारं शाळा-कॉलेजात कोणी नसतं. याचा मला खरंच संताप येतो.

पहाटे सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेस सुटली. 12 जानेवारी 1931ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या सोलापूरच्या चौघांच्या स्मरणार्थ या गाडीला हे नाव आहे. पुण्याला उतरल्यावर सामान क्लोकरूममध्ये टाकलं. पहिल्या वर्षाच्या आरेखनासाठी ड्राफ्टर हवा होता, म्हणून अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने भाचीला ड्राफ्टर पाटावर लावून, पट्ट्या फिरवून, स्क्रू कुठे सैल होतो तेही दाखवलं. ताई दुकानाच्या पायरीवर बसून यादीवर खुणा करत होती.

संध्याकाळी आझाद हिंद एक्स्प्रेस. पुणे ते हावडा धावणारी ही गाडी अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, नागपूर करत महाराष्ट्र आडवा कापते. तिकिटं भाचीच्या मोबाइलवर होती. टीसी आला तेव्हा ताईचा हात सवयीने पर्सकडे गेला, आणि तिने तो मागे घेतला. बर्थ खाली-वर करून घेणं, सामानाला साखळी लावणं, पाण्याचे पैसे देणं, सगळं मुलीने केलं. गेल्या दोन महिन्यांत ताईने तिला मुद्दाम बँकेत एकटीला पाठवलं होतं, औषधाच्या चिठ्ठ्या तिच्याच हाताने लिहून घेतल्या होत्या. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच खरी तयारी होती.

सकाळी बडनेऱ्याला एक शेतकरी बाप आणि त्याचा मुलगा समोरच्या बर्थवर आले. तेही खरगपूरलाच निघाले होते. बोलता बोलता फीचा विषय निघाला. आयआयटीत बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला 2 लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ असते. बाकीच्यांमध्ये घरचं उत्पन्न वर्षाला 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण, आणि 1 ते 5 लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश फी माफ होते. त्या बापाने सगळ्या रकमेसाठी कर्जाची जुळवाजुळव केली होती. माफीचं त्याच्या कानावर आलं होतं, पण ती फक्त राखीव जागांच्या मुलांना मिळते अशी त्याची समजूत होती. उत्पन्नाचा दाखला घरी ट्रंकेत पडून होता. वर्धा येईपर्यंत मुलाने धाकट्या भावाला फोन करून दाखला शोधायला लावला, फोटो मागवला आणि मूळ प्रत स्पीड पोस्टाने पाठवायला सांगितली. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पिशवीतून शिदोरी काढली आणि आम्हा तिघांच्या हातांवर एकेक लाडू ठेवला.

गोंदियानंतर गाडी दरेकसाच्या जंगलात शिरते, बोगदा येतो, आणि पलीकडे छत्तीसगड सुरू होतं. डोंगरगडला डोंगरमाथ्यावरचं बमलेश्वरीचं मंदिर खिडकीतून दिसतं. डब्यातल्या अनेकांनी बसल्या जागेवरून हात जोडले. पुढे राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, आणि दोन्ही अंगांना भाताची खाचरं, गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका. सोलापूरच्या कोरड्या काळ्या रानात वाढलेली मुलगी दारात उभी राहून बिलासपूरपर्यंत ते बघत होती.

मध्यरात्र उलटून गेल्यावर खरगपूर आलं. 1,072 मीटर लांबीचा इथला फलाट बरीच वर्षं जगात सर्वांत लांब म्हणून प्रसिद्ध होता. नंतर गोरखपूर आणि मग हुबळी त्याच्या पुढे गेले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून हे रेल्वेचं गाव. रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली तेलुगू कुटुंबं पिढ्यान् पिढ्या इथे राहतात, त्यामुळे बंगालीच्या बरोबरीने तेलुगू कानावर पडते आणि इडली-डोसा सहज मिळतो. ताईला त्या इडलीनेच निम्मा धीर आला. उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसलो आणि मग टोटो करून, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, संस्थेकडे निघालो.

2,100 एकरांचा परिसर, रुंद रस्ते, जुनी झाडं आणि जिकडेतिकडे सायकली. इथे सायकलीशिवाय भागत नाही आणि ती सोलापूरहून नेण्यात अर्थ नाही. आवारातल्या टेक मार्केटमध्ये सायकल, बादली, टेबललॅम्प सगळं मिळालं. गादी गावातल्या गोलबाजारातून आणली. मुलींच्या वसतिगृहांना सरोजिनी नायडू, मदर तेरेसा अशी नावं आहेत. त्या दिवशी तिथे लेकींना पोचवायला आलेली घरं मोठ्या संख्येने दिसली. आयआयटींनी 2018पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, त्याचा हा परिणाम. कागदतपासणीच्या रांगेत भाची एकटी गेली. फाइल क्रमाने लावलेली होती, त्यामुळे काम लवकर आटोपलं.

दुपारी आम्ही हिजलीची जुनी इमारत पाहायला गेलो. 1930मध्ये इंग्रजांनी इथे राजबंद्यांसाठी छावणी उघडली. 16 सप्टेंबर 1931ला पोलिसांनी निःशस्त्र बंद्यांवर गोळीबार केला. त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे गेले. सुभाषबाबू त्यांचे मृतदेह घ्यायला स्वतः हिजलीला आले होते. पुढे याच इमारतीत देशातली पहिली आयआयटी सुरू झाली आणि 18 ऑगस्ट 1951ला मौलाना अबुल कलाम आझादांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. आता तिथे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे. भाचीने गोळीबाराची तारीख वाचली आणि ताईकडे वळून म्हणाली, "आपले चौघंही त्याच वर्षी ना?" शाळेत दर 12 जानेवारीला प्रभातफेरीत चाललेल्या मुलीला ते वर्ष कोणी सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट इथे आल्यावर कळली. शरद ऋतूतली सुट्टी दुर्गापूजेला असते, दिवाळीला नसते. ताईचा चेहरा उतरला. पण मुलींच्या वसतिगृहातल्या एका वरच्या वर्गातल्या मुलीने सांगितलं, की दिवाळीच्या रात्री इथे 'इल्यू' असतो. बांबूच्या मोठमोठ्या चौकटींवर हजारो पणत्या लावून त्यांतून चित्रं उभी करतात, दिव्यांच्या वेळी आवारातली वीज मालवतात आणि वसतिगृहांमध्ये रांगोळीची चुरस लागते. पहिल्या वर्षाची मुलं-मुली रात्र-रात्र जागून ती तयारी करतात. भाचीने लगेच आजीला फोन लावून ठसे पोचल्याचं सांगितलं.

ताई आणि मी दुसऱ्या दिवशी परतलो. निरोप देताना मुलीच्या हातात सायकलची किल्ली होती आणि तिला सभागृहात वेळेवर पोचायचं होतं.

तुमच्या घरात यंदा कोणी बारावीला असेल आणि जेईई देणार असेल, तर बॅगा जुलैत घेतल्या तरी चालेल. पण एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सेतू केंद्रात जा आणि केंद्राच्या नमुन्यातल्या नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राचा अर्ज टाका. त्याच फेरीत तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखलाही काढून घ्या.